नावात कोलन आला आणि फाइल अडली

प्रश्न: मी लिनक्स लॅपटॉपवर मुलाखती रेकॉर्ड करतो, फाइलचं नाव ‘मुलाखत 10:30’ असं वेळेसकट ठेवतो. पेनड्राइव्हवर टाकताना ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’ येतं, निम्म्या फायली जातात निम्म्या राहतात. पेनड्राइव्ह बिघडलाय का?

उत्तर: पेनड्राइव्ह ठणठणीत आहे, घोळ त्या कोलनचा आहे. लिनक्सला नावात फक्त पुढे झुकलेली तिरकी रेघ चालत नाही (आणि एक न दिसणारं शून्य कॅरेक्टर, ते कोणी टाईप करत नाही), बाकी काहीही लिहा. विंडोजला मात्र नऊ चिन्हं वर्ज्य: कोलन, प्रश्नचिन्ह, स्टार, डबल कोट, उभी रेघ, दोन्ही तिरक्या रेघा, लेस दॅन, ग्रेटर दॅन. पेनड्राइव्ह सहसा फॅट32 किंवा एक्सफॅट (ड्राइव्हवर फायली मांडायच्या पद्धती) असतो, त्यालाही तोच नियम, म्हणून कोलनवाल्या फायलींची कॉपी तिथेच अडते. आणि अडली हे बरंच म्हणा, कारण एनटीएफएस (विंडोजची नेहमीची मांडणी) ड्राइव्हवर लिनक्स बऱ्याचदा मुकाट्यानं कॉपी करून देतं आणि मग विंडोजवर ती फाइल दिसते पण उघडत नाही, डिलीटही होत नाही, नुसती बघत बसायची.

झिप करून सुटका नाही, नावं आत तशीच राहतात. नाव मूळ मशीनवरच बदला, ‘10-30’ करा. बऱ्याच फाइल मॅनेजरमध्ये सगळ्या फायली सिलेक्ट करून एफ2 दाबलं की कोलन शोधून एकदम बदलता येतो. नावाच्या शेवटी टिंब किंवा स्पेस असेल तर तेही काढा, विंडोजला खपत नाही. कॅपिटल-स्मॉलचंही बघा, लिनक्सवर एकाच स्पेलिंगच्या दोन वेगळ्या फायली असू शकतात, विंडोजवर कॉपी करताना ‘रिप्लेस करू का’ विचारतं आणि आपण घाईत हो म्हणतो, एक गेलीच.

प्रश्न: एकाच फोल्डरमध्ये ‘दुसऱ्या दिवशीचं भाषण’ नावाच्या दोन फायली आहेत! एक जुन्या मॅकवरून आलीय. असं कसं होऊ शकतं?

उत्तर: डोळ्यांना एक, कॉम्प्युटरला दोन. त्या ‘ऱ्या’मधला ऱ युनिकोडमध्ये (कॉम्प्युटरची अक्षरांना नंबर द्यायची पद्धत) दोन तऱ्हांनी लिहिता येतो, एक अख्खं अक्षर म्हणून किंवा साधा र आणि खाली नुक्ता (टिंब). जुन्या मॅकची एचएफएस प्लस फाइल सिस्टिम अशी अक्षरं फोडूनच साठवायची, तुमच्या कीबोर्डनं बहुतेक अख्खं टाकलं असणार. (काही कीबोर्ड तर र, हलन्त आणि न दिसणारा जॉइनर टाकतात, ती तिसरी तऱ्हा!) दोन्ही उघडून बघा, मजकूर एकच असेल तर मॅकवाली उडवा, नसेल तर तिचं नाव याच मशीनवर नव्यानं टाईप करा, जुनं कॉपी-पेस्ट करू नका, नाहीतर तेच परत येईल.

मराठी नावं ठेवता आहात तर लांबीही सांभाळा. लिनक्सवर सहसा एका नावाला 255 बाइट मिळतात आणि यूटीएफ-8 मध्ये (युनिकोड अक्षरं बाइटमध्ये साठवायची तऱ्हा) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट खातं, काना-मात्रा हलन्तसुद्धा वेगळे मोजून. ‘महाराष्ट्र’ एवढ्या एका शब्दाचे 30 बाइट झाले. विंडोजवर मोजणी वेगळी असल्यामुळे तिथे आरामात बसलेलं लांबलचक नाव लिनक्सवर जातच नाही, अशा वेळी शीर्षकाचं शेपूट फाइलच्या आत लिहा आणि नाव ‘भाषण-2’ एवढंच ठेवा.