छाती कमी करण्याच्या शस्त्रक्रियेला किती खर्च येतो? विमा मिळतो का?

तुम्ही लिहिलंय की वय ३१, पुण्यात राहता, मान-खांदे कायम दुखतात, डॉक्टरांनी ब्रेस्ट रिडक्शन सुचवलंय आणि नोकरीतली ग्रुप पॉलिसी (कंपनीने सगळ्या कर्मचाऱ्यांसाठी मिळून काढलेला आरोग्य विमा) आहे. मी इथल्याच एका खासगी हॉस्पिटलात टीपीए डेस्कवर, म्हणजे विम्याचे दावे हाताळणाऱ्या टेबलावर, काम करते. कॅशलेसची (बिल थेट विमा कंपनीने भरायचं) कागदपत्रं पाठवायची आणि विमा कंपनीच्या क्वेरींना, म्हणजे शंकांना, उत्तरं द्यायची, हे माझं रोजचं काम. डॉक्टर नाही, त्यामुळे शस्त्रक्रिया करावी की नाही हे मला विचारू नका.

आमच्याकडे सर्जन, भूल, ऑपरेशन थिएटर आणि एक-दोन दिवसांची खोली धरून साधारण दीड ते अडीच लाखांचं एस्टिमेट निघतं. आधीच्या तपासण्या, काढलेल्या ऊतीची बायोप्सी, नंतर घालायची सपोर्ट ब्रा हे त्यात आहे का, ते विचारून घ्या.

त्याच एस्टिमेटवर जीएसटीची ओळ शोधा. निव्वळ सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेवर १८ टक्के कर लागतो, आजारावरच्या उपचाराला सूट असते. हॉस्पिटलनेच तो लावला असेल, तर ही कॉस्मेटिक सर्जरी आहे असं हॉस्पिटलनेच लिहून दिल्यासारखं झालं. मग कंपनीला नाही म्हणायला आणखी काय हवं? हे आधी बिलिंगमध्ये जाऊन मिटवा.

आता विमा. इर्डाने, म्हणजे विमा नियामकाने, सगळ्या आरोग्य विम्यांसाठी अपवादांची (ज्यांचे पैसे विमा देत नाही अशा गोष्टींची) भाषा एकसारखी केली आहे. त्यातला आठवा अपवाद कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरीचा. अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतरच्या पुनर्रचनेला हा अपवाद लागू होत नाही, आणि आरोग्याला असलेला थेट, तातडीचा धोका दूर करण्यासाठी केलेल्या आवश्यक उपचारालाही नाही. पण ती आवश्यकता उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी प्रमाणित करावी लागते. भांडण होतं ते 'तातडीचा' या शब्दावरून. मानदुखीत तातडी कसली, असं कंपनी विचारते. (विचारणाऱ्याने एक दिवस ते वजन खांद्यावर घेऊन बघावं!)

म्हणून 'रुग्णाला त्रास होतो' एवढ्यावर भागत नाही. कधीपासून दुखतंय, फिजिओथेरपी कधी घेतली आणि फरक का पडला नाही, छातीखाली वारंवार पुरळ येत असेल तर त्वचारोगतज्ज्ञांचे कागद, ऑर्थोपेडिक डॉक्टरांचं मत, सर्जन अंदाजे किती ग्रॅम ऊती काढणार, हे सगळं तारखांसकट हवं. 'आधी वजन का नाही कमी केलं?' ही क्वेरी हमखास पडते. तिचं उत्तर डॉक्टरांच्या चिठ्ठीतच असू द्या. निदान 'ब्रेस्ट हायपरट्रॉफी' (स्तनांची प्रमाणाबाहेर वाढ) असं लिहिलेलं असावं. अर्थात खोटं काही लिहून घेऊ नका, ते पकडलं जातं आणि पॉलिसीच अडचणीत येते.

एचआरकडून पॉलिसीचा पूर्ण मजकूर मागा, दोन पानी माहितीपत्रक नको. ग्रुप पॉलिसीत आधीच्या आजारांचा प्रतीक्षा काळ (ज्या काळात त्या आजारांचा खर्च मिळत नाही) बहुधा माफ असतो. स्वतःच्या पॉलिसीत तो तीन वर्षांपर्यंत असू शकतो. रूम रेंटची मर्यादाही बघा. मर्यादा पाच हजारांची आणि खोली आठ हजारांची घेतली, तर बऱ्याच पॉलिसींत सर्जनची फीसुद्धा त्याच प्रमाणात कापतात.

तारीख ठरवण्याआधी प्री-ऑथ, म्हणजे खर्चाच्या पूर्वमंजुरीचा अर्ज, पाठवा आणि उत्तर लेखी घ्या. 'आधी करून घ्या, रीइम्बर्समेंटमध्ये (आधी स्वतः भरून नंतर परत मागायचं) बघू' असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. नकार आला तर पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली, ते लेखी मागा आणि कंपनीच्या तक्रार विभागाकडे जा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे (विम्याच्या तक्रारी सोडवणारा अधिकारी) जाता येतं, नकारानंतर वर्षाच्या आत. पुण्यात त्यांचं कार्यालय आहे, फी नाही, वकीलही लागत नाही, आणि ग्रुप पॉलिसीची तक्रारही चालते.

इतकं करूनही नकार येऊ शकतो, त्यामुळे पैशांची सोय विम्याच्या भरवशावर ठेवू नका. पुण्याच्या ससून या सरकारी रुग्णालयात प्लास्टिक सर्जरी विभाग आहे, मुंबईत केईएम आणि सायन या पालिकेच्या रुग्णालयांतही आहे. तिथला खर्च खासगीच्या मानाने किरकोळ असतो. तारखेसाठी मात्र थांबावं लागेल, कारण भाजलेले आणि अपघातातले रुग्ण साहजिकच आधी घेतात.