राजीनामा तिचा, मसुदा तुमचा

पत्र : मी बँकेतून निवृत्त, इंदूरला रामबागेत राहतो. मुलगी इंजिनियर, पुण्यात एका आयटी कंपनीत दोन वर्षं टेस्टिंगमध्ये आहे. प्रोजेक्ट संपल्यामुळे दीड महिना बेंचवर आहे, म्हणजे पगार चालू पण हातात काम नाही. माझे वडील इथल्या हुकुमचंद कापड मिलमध्ये होते. मिल बंद पडल्यावरचे हाल मी पाहिलेत. तिने सन्मानाने राजीनामा देऊन घरी यावं, भंवरकुआंला एमपीपीएससीचा, म्हणजे मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेचा क्लास लावावा, असं मला वाटतं. फीचे साठ हजार बाजूला काढलेत, राजीनाम्याचा मसुदाही तिला मेल केलाय. टीसीएसच्या कपातीचं कात्रण सोबत जोडतो. हल्ली रोज रात्री फोन केला की ती तुटक बोलते. तिला कसं पटवू?

उत्तर : पटवायचं कसं ते मी सांगू शकत नाही, कारण तुमचं म्हणणं मलाच पटलेलं नाही.

पत्रात फीचा आकडा आहे, वडिलांची मिल आहे, कात्रणसुद्धा आहे. मुलीला काय हवंय, याची मात्र एक ओळ नाही. स्वतःच्या खोलीचं भाडं स्वतः भरणाऱ्या मुलीचा राजीनामा तुम्ही लिहून पाठवता आणि वर ती तुटक बोलते म्हणून तक्रार करता! दिवसभर ऑफिसात लॅपटॉप उघडून काम येण्याची वाट बघायची आणि रात्री घरून ‘काही कळलं का?’ ऐकायचं. कोण मोकळं बोलेल? आठवडाभर हा प्रश्न विचारू नका. जेवलीस का, एवढं विचारलंत तरी पुरे.

तुमची धास्ती खोटी नाही. मिल नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली आणि कामगारांच्या थकबाकीचे 224 कोटी मिळायला डिसेंबर 2023 उजाडला. कितीतरी जण तोवर गेलेसुद्धा. अशा घराला खाजगी नोकरीचा भरवसा वाटत नाही, हे कळतं. पण इंदुरातल्या मिल्स एकामागून एक बंद होत गेल्या, तेव्हा विणकाम करणाऱ्याला त्याच कामासाठी दुसरं दार उरलं नाही. तुमच्या मुलीचं तसं नाही. टेस्टिंग बँकेच्या ॲपला लागतं, विमा कंपनीला लागतं, हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरलाही लागतं. तिला इंदूरलाच यायचं असेल तर टीसीएस आणि इन्फोसिस दोघांचेही कॅम्पस सुपर कॉरिडॉरवर आहेत. घरी परत यायचं म्हणजे क्षेत्र सोडायचं, हे कोणी ठरवलं?

आता तुमच्या ‘सुरक्षित’ रस्त्याकडे येऊ. सरकारी नोकरी सुरक्षित असते, तिची तयारी नसते. या दोन गोष्टींची गल्लत मी घरोघरी बघतो. एमपीपीएससीच्या 2019 च्या राज्यसेवेचा अंतिम निकाल लागला डिसेंबर 2023 मध्ये, म्हणजे मिलचे पैसे वाटले त्याच महिन्यात. ओबीसी आरक्षण 14 टक्के की 27, हा वाद कोर्टात, म्हणून निकाल 87 टक्के जागांचा लावला आणि 13 टक्के जागांचा अडवून ठेवला. एवढी वर्षं भंवरकुआंच्या खोल्यांतली पोरं भाडं भरत होती, मेसचा डबा खात होती आणि घरच्यांना ‘निकाल कधी?’ याचं उत्तर देत होती. त्यांचा अभ्यास कमी पडला म्हणून हे झालं नाही. बेंचवर निदान पगार तरी मिळतो. तिला स्वतःला प्रशासनात जायची ओढ असेल, तर नोकरी सांभाळून एकदा पूर्वपरीक्षा देऊन बघू दे. ती ओढ तुमची असेल तर विषय इथेच संपला.

जोडलेलं कात्रण तुम्ही अर्धंच वाचलंय. टीसीएसने जुलै 2025 मध्ये सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर माणसं कमी करणार असं जाहीर केलं, ते खरं. पण झळ मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीला बसेल, असंही कंपनीने सांगितलं होतं. तुमच्या मुलीचा धोका निराळा आहे. नुसतं मॅन्युअल टेस्टिंग येणाऱ्याला आता भाव राहिलेला नाही. टेस्टिंग आपोआप करणारं सेलेनियम किंवा प्लेराइट, एपीआय टेस्टिंग आणि जोडीला कामापुरतं पायथन, एवढं तिने याच रिकाम्या दिवसांत शिकून घ्यावं. प्रोजेक्ट वाटणाऱ्या आरएमजीवाल्यांच्या मागे लागावं. सपोर्टचं किंवा रात्रपाळीचं काम आलं तरी नाक मुरडू नये.

आणि ‘सन्मानाने राजीनामा’ वगैरे काही नसतं. कंपनीने काढलं तर नोटीस पिरियडचा पगार मागता येतो. आपण होऊन निघालं की मागायला तोंड उरत नाही. एचआरने दबाव आणला तर त्याच बैठकीत सही करायची नाही, जे बोलणं झालं ते मेलवर मागायचं. पगाराच्या स्लिपा, फॉर्म 16 आणि ऑफर लेटर आजच स्वतःच्या मेलवर घ्यायला सांगा, कारण कंपनीचा मेल एका दुपारीत बंद होतो.

क्लासचे साठ हजार मात्र मोडू नका. तिच्या खात्यात सहा महिन्यांचा खर्च निघेल एवढी शिल्लक आहे का, ते तिला विचारा. नसेल तर ते पैसे तिला देऊन टाका, नवी नोकरी शोधताना भाड्याला होतील.