साल ठशावरचे, कागद कधीचा?

प्रश्न : आमच्या आजोबांनी सिव्हिल लाइन्समधील एका बंगल्यातील सामानाच्या लिलावात एक इंग्रजी रंगीत छापील चित्र घेतले होते. त्यात घोडेस्वार भाले घेऊन रानडुकराचा पाठलाग करीत आहेत आणि खाली बारीक अक्षरांत लंडनच्या एडवर्ड ऑर्म या प्रकाशकाचे नाव व १८०७ हे साल आहे. कागदावर तांबूस ठिपके पडले आहेत. ते काढावेत का, आणि चित्राची किंमत काय यावी?
– एक वाचक, धंतोली, नागपूर

उत्तर : आपल्या वर्णनावरून हे चित्र कॅप्टन थॉमस विल्यमसन यांच्या ‘ओरिएंटल फील्ड स्पोर्ट्स’ या ग्रंथातील ४० चित्रांपैकी एक असण्याचा संभव आहे. ती चित्रे सॅम्युएल हाउइट यांची. शिकारीचा हा सारा थाट त्यांनी लंडनमध्ये बसून रंगवला.

मात्र केवळ १८०७ या आकड्यावरून किंमत ठरवू नये. प्रकाशकाचे नाव व प्रसिद्धीची तारीख ठशावरच, म्हणजे छपाईच्या पत्र्यावरच, कोरण्याची अट इंग्लंडमध्ये १७३५ पासून कायद्याने आली होती. त्यामुळे तोच तांब्याचा पत्रा काही वर्षांनी पुन्हा छपाईला घेतला, तरी तारीख जुनीच उमटे. खरे वय कागद सांगतो. चित्र फ्रेमबाहेर काढून उजेडासमोर धरले असता व्हॉटमन या इंग्रजी कागदासारख्या कागदात जलचिन्हाच्या रूपाने कधी कधी साल दिसते, आणि ते १८१५ असेल तर छपाई त्याआधीची असूच शकत नाही. त्यानंतर दहापट भिंगातून आकाशाचा भाग पाहावा. अशी चित्रे छापण्याच्या अक्वाटिंट पद्धतीत पत्र्यावर पसरलेल्या राळेच्या कणांमुळे रंगाखाली वेडीवाकडी बारीक जाळी दिसते. तिच्याऐवजी ओळीने मांडलेले ठिपके दिसले, तर ती बरीच नंतरची यांत्रिक नक्कल समजावी. चित्राभोवती पत्र्याच्या दाबाची चौकट शाबूत आहे का, हेही पाहावे. फ्रेममध्ये बसवण्यासाठी कडा कापल्या असतील, तर भाव बराच उतरतो, आणि दुर्दैवाने ही कात्री आपल्याकडे फार सहज चालते.

डाग घरी काढू नयेत. रंग हाताने भरलेले जलरंग असल्यास ओल्या बोळ्यानेही ते पसरतात. ब्लीचिंग पावडरचे तर नावच नको. हे काम कागदाचे जतन जाणणाऱ्या तज्ज्ञाचे आहे. नागपुरात लोक ४५ अंशांच्या उन्हाला भितात, पण माझ्या मते अशा चित्राचा खरा वैरी कूलर आहे : रात्रभर दमट झोत आणि दुपारी तो बंद असताना कोरडी हवा, यामुळे कागद फुगतो, आकसतो आणि काचेला चिकटतो. म्हणून चित्र कूलरच्या झोतापासून व पश्चिमेच्या खिडकीपासून दूर, आतल्या भिंतीवर लावावे, काच व कागद यांत आम्लरहित माउंटचे (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या पट्टीचे) अंतर ठेवावे आणि सेलोटेप मुळीच वापरू नये.

विक्रीसाठी परदेशी पाठवण्याचा विचार असल्यास, शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंच्या निर्यातीवर १९७२ च्या कायद्याचे निर्बंध आहेत, हे ध्यानात ठेवावे.

जुना पुठ्ठा चित्रामागे पुन्हा लावू नये. पण टाकण्यापूर्वी त्याची मागची बाजू अवश्य पाहावी. तेथे लिलावाची चिठ्ठी किंवा जुन्या फ्रेमवाल्याचे लेबल असल्यास, त्या पुठ्ठ्याचे छायाचित्र काढून तो वेगळ्या पाकिटात जपून ठेवावा.