बोललो तर सर्व्हिस शीटवर, म्हणजे नोकरीच्या नोंदीत, येईल का?

पोलीस दलातला माणूस समुपदेशनाला आला की बहुतेक वेळा आधी हेच विचारतो. जळगाव जिल्ह्यातल्या एका हवालदारांनीही खुर्चीत टेकायच्या आत विचारलं, "ताई, साहेबांपर्यंत जाणार नाही ना?" (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

महामार्गावरच्या अपघाताचा पंचनामा त्यांनी केला होता. मयताच्या मोटारसायकलला पिशवी अडकवलेली होती, आत भरताची वांगी. ती त्यांनी यादीत लिहिली. घरी निरोप द्यायलाही तेच गेले. अंगणात आई कपाशीच्या काड्या पेटवून बसली होती, पोरगा वांगी आणतोय म्हणून.

त्यानंतर त्यांची झोप उडाली. घरात भरीत केलं की ते ताटावरून उठून जात. बायकोनं विचारलं तर चिडायचे.

अमेरिका, ब्रिटनमध्ये अनेक पोलीस दलांत चॅप्लिन, म्हणजे दलाशी जोडलेले धर्मगुरू, असतात. मृत्यूची बातमी द्यायला ते पोलिसासोबत जातात, नंतर त्या पोलिसाचीही विचारपूस करतात. त्यांची आंतरराष्ट्रीय संघटना १९७३ पासून आहे. आपल्या सैन्यातही धर्मगुरू नेमलेले असतात. या व्यवस्थेत मला मोलाचं वाटतं ते हे, की चॅप्लिन स्वतः एका धर्माचा असला तरी कुठल्याही धर्माच्या माणसाचं ऐकतो आणि कुणाची ड्युटी लावत नाही. ज्याच्या हातात आपली रजा आणि बदली आहे, त्याच्यासमोर कोण रडेल?

मी हवालदारांना स्पष्ट सांगितलं: इथलं बोलणं इथेच राहील. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो. एक मोठा अपवाद सांगते, तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका दिसला तर मी गप्प बसणार नाही. ते ऐकून ते जरा सैल झाले.

गावच्या कीर्तनकार बुवांवर त्यांचा जीव. "त्यांच्याकडे गेलो तर चालेल?" म्हणाले. अवश्य जा, म्हटलं. बुवांनी उपदेश केला नाही, नुसतं ऐकलं, हे मला फार बरं वाटलं. झोपेसाठी मात्र मी हवालदारांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. ते काम बुवांचं नाही, माझंही नाही.

खाकीतल्या कुणाला आठवडेच्या आठवडे झोप नसेल, दारू वाढली असेल, तर वाट पाहू नका. मरणाचे विचार येत असतील तर सरकारी शस्त्र त्याच दिवशी जमा करा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं.