एनकॅम, एल१ वगैरे : पहिल्या सेमिनारआधी एवढंच बघ

भाऊ, सेमिनारला चेतातंतूंच्या वाढीतले सेल ॲडहेजन मॉलिक्युल्स, म्हणजे पेशींना एकमेकींना धरून ठेवणारे रेणू, हा विषय भारी घेतलास, फक्त सगळी नावं घोकत बसू नको. आपल्या जळगावकडची एमएस्सीची पोरं इथेच अडकतात, यादी तोंडपाठ अन् काम काय विचारलं की गप्प. सध्या एनकॅम, एल१ आणि एन-कॅडहेरिन, तीनच घे.

या रेणूंना नुसता गोंद समजणं ही पहिली चूक. वाढणाऱ्या ॲक्झॉनचं (चेतापेशीच्या लांब तंतूचं) टोक, म्हणजे ग्रोथ कोन, गिलक्याच्या वेलीसारखं चाचपडत पुढे सरकतं, हे रेणू त्याला धरायला आधार तर देतातच पण पेशीच्या आत सिग्नलही पाठवतात. अन् गंमत बघ, पकड जास्त घट्ट झाली तरी वाढ अडते, म्हणून वाढत्या मेंदूत एनकॅमवर पॉलिसियालिक ॲसिडच्या (एका प्रकारच्या साखरेच्या) लांब साखळ्या असतात, त्या पकड सैल करतात.

बाकी दोन चुका :
- जखमेनंतरच्या वाढीत हातापायाची नस (नर्व्ह) अन् मेंदू एकच धरणं. नसेत श्वान पेशी (Schwann, तंतूंना वेढणाऱ्या आधाराच्या पेशी) एल१, एनकॅम बनवतात, रोज साधारण १ मिमी वाढ होते. मेंदूत मायलिनमधलं (तंतूवरच्या आवरणातलं) वाढ रोखणारं नोगो प्रथिन अन् जखमेचा व्रण आडवा येतो.
- उंदरावर जमलं म्हणजे माणसाचा इलाज सापडला असं लिहिणं. सर तिथेच पकडतात.

सिग्नलिंगचे पाथवे राहू दे आत्ता, आधी ग्रोथ कोनचं चित्र स्वतः काढून बघ.