‘मामा तलाव’ : कोणाच्या मामाचा?

प्रश्न असा आला आहे : ‘भंडारा-गोंदियाच्या बातम्यांत “मामा तलाव” हा शब्द सारखा दिसतो. हा मामा कोण? आणि नवेगावबांध या गावाच्या नावातला “बांध” म्हणजे शेताचा बांध का? शिवाय हे शब्द लिहायचे कसे?’

मामाचं उत्तर सोपं आहे. ते नातं नाही, आद्याक्षरं आहेत : माजी मालगुजारी, म्हणून मा. मा. सरकारी कागदांत टिंबं देऊन लिहायचे. बोलताना टिंबं गळाली आणि घरातलाच वाटावा असा शब्द उरला. गंमत म्हणजे आतले दोन्ही शब्द फारसीतून आलेले. ‘माजी’ म्हणजे होऊन गेलेला. माजी आमदार म्हणतो तोच. ‘मालगुजार’मध्ये माल म्हणजे शेतसारा आणि गुजार म्हणजे तो भरणारा. शुक्रगुजारमधला गुजार हाच. मध्य प्रांतात इंग्रजांनी गावाचा सारा गोळा करून भरणाऱ्याला गावाची मालकीच दिली, तेव्हा तलावही त्याच्या नावावर चढले. 1950च्या कायद्याने ही पद्धत मोडली. विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता. 1951मध्ये तलाव सरकारजमा झाले आणि मालगुजार ‘माजी’ झाले. पूर्व विदर्भात असे तलाव सहा हजारांहून जास्त आहेत.

म्हणजे तलाव कोणाकडून सरकारकडे आला, एवढंच हा शब्द सांगतो. बांधला कोणी, हे त्यात कुठेच येत नाही, आणि मला तेच महत्त्वाचं वाटतं. त्यासाठी दुसऱ्या प्रश्नाकडे, नवेगावबांधकडे यावं लागतं.

गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं हे गाव. पश्चिम महाराष्ट्रात बांध म्हटलं की दोन शेतांमधला, भावाभावांत भांडण लावणारा मातीचा वरंबा डोळ्यांपुढे येतो. वैनगंगेच्या खोऱ्यात बांध म्हणजे पाणी अडवणारी पाळ, आणि पुढे त्या पाळीमागचा अख्खा तलाव. जवळपासच शिवनीबांध आहे, सिरेगावबांध आहे. गावाच्या नावाला तलाव असा चिकटून बसला की तलावावाचून गाव ओळखताच येत नाही. नवेगावचा तलाव दहा चौरस किलोमीटरांहून मोठा. भोवती डोंगर आहेत, त्यांना सात बहिणी म्हणतात. बांधणाऱ्याने डोंगरांमधल्या फटी तेवढ्या पाळी घालून बुजवल्या, बाकीची भिंत निसर्गाने आधीच उभी केली होती. नेमकी कोणती फट बुजवायची हे नुसत्या नजरेने ओळखणं, ही ती विद्या.

हा बांधणारा कोलू पाटील कोहळी. काळ अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा. तलावाकाठच्या एका डोंगरावर त्याला आजही कोलासुर देव म्हणून पुजतात. नावात असुर, आणि तरी देव! शब्दांवर प्रेम करणाऱ्याने इथे क्षणभर थांबावं.

‘कोहळी’ हा शब्द वाचताना फार जण घसरतात. मुंबई-पुण्याकडच्या छापील मजकुरात तो दुरुस्ती समजून ‘कोळी’ केलेला मी पाहिला आहे. हे दोन समाज सर्वस्वी वेगळे. कोहळी मासे धरणारे नव्हेत, शेतकरी. तलाव बांधावेत आणि त्या पाण्यावर धान आणि ऊस पिकवावा, ही त्यांची ओळख. 1911च्या जनगणनेत ते साधारण 26,000 होते, बहुतेक सगळे भंडारा आणि चांदा (आजचं चंद्रपूर) जिल्ह्यांत. एवढ्या थोड्या माणसांनी एका खोऱ्याचा नकाशा बदलला. चांद्याच्या एका गोंड राजाने काशीहून परतताना आपल्याला सोबत आणलं, अशी त्यांच्यातली परंपरागत कथा. उत्तरेकडच्या कोइरी या भाजीपाला पिकवणाऱ्या जातीच्या नावाशी कोहळीचं साम्य आहे, म्हणून कथेत तथ्य असावं असं काहींना वाटतं. नुसत्या ध्वनिसाम्यावर मी तेवढं वजन टाकणार नाही.

गोंड राजांचा हात मात्र शब्दांतच सापडतो. तलाव बांधणाऱ्याला त्या तलावाखाली भिजणारी जमीन इनाम द्यायची, या देणगीला चांद्याकडे ‘तुकूम’ म्हणत. चंद्रपूर शहरात तुकूम नावाची वस्ती आहे. तिथे राहणाऱ्या कितीजणांना आपल्या पत्त्यात तलावाचं इनाम दडलंय हे ठाऊक असेल?

काठावरचे मासे धरणारे ते ढिवर. संस्कृत धीवर तो हाच. शिंगाडे काढणं, जाळी विणणं, तलावात कुठे किती खोल आहे हे पायांना माहीत असणं, हे सगळं त्यांचं. तलावाच्या पाण्यावर, गवतावर, मासळीवर गावाचा जो वापराचा हक्क, त्याला ‘निस्तार’ म्हणतात. लहान तलाव म्हणजे बोडी. पाटाला पाणी सोडायचं दार म्हणजे तुडूम. तलाव आटला की उघड्या पडलेल्या गाळात पीक घ्यायचं, ते गाळपेर. एका तलावाभोवती एवढी मराठी जमलेली आहे, आणि शहरातल्या वर्तमानपत्रांत त्यातला पोचतो तो एकटा ‘मामा’.

लिहायचं कसं, असंही विचारलं होतं. बातमीत ‘मामा तलाव’ चालेल, टिंबांची गरज नाही, शब्द आता रुळला आहे. पण पहिल्यांदा येईल तिथे ‘माजी मालगुजारी’ पूर्ण लिहावं, आणि तलावाचं स्वतःचं नाव कळलं तर ते आधी. नवेगाव आणि बांध जोडूनच लिहावेत : नवेगावबांध. आणि कोहळीतला ‘ह’ कृपा करून गाळू नये.