पूर सगळ्यांना सारखाच येतो का?

प्रश्न : आमचं गाव शिरोळ तालुक्यात, नदीकाठी. 2019 ला आणि परत 2021 ला घरात पाणी आलं. बचत गटातल्या बायका म्हणतायत आपणच काहीतरी करू, पण सुरुवात कुठून करायची? आणि दरवेळी मजुरांच्याच घरांचं जास्त वाटोळं का होतं?
(एक वाचक, जि. कोल्हापूर)

उत्तर : ताई, पाणी सगळ्यांच्या दारात येतं पण मागे ठेवून जातं ते वेगवेगळं. आरसीसी घर धुऊन काढलं की परत राहता येतं, मातीची भिंत चार दिवस पाण्यात राहिली की पाणी उतरताना बसते. पिकाची भरपाई सातबाऱ्यावर नाव असेल त्याला, ज्या बाईची त्या उसातली रोजंदारी गेली तिचा पंचनामा कोण करतो? हे मला फार लागतं.

सुरुवात मे महिन्यातच यादीने करा. कोण अंथरुणाला खिळलंय, कोण गरोदर, कुणाकडे गाडी नाही, कुणाची किती जनावरं, आणि प्रत्येकाला कोण बाहेर काढणार त्याचं नाव समोर लिहायचं. भाडेकरू सुटतात हमखास, त्यांना विसरू नका.

जनावरांचं आधी ठरवा बरं का. 2019 ला किती जण म्हशी सोडून निघायचं नाही म्हणून शेवटपर्यंत थांबले, चारा आणि उंचावरचा गोठा ठरलेला असला की माणूस वेळेत हलतो. उशीर झाला की नावेवर गर्दी होते, पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला त्याच ऑगस्टमध्ये नाव उलटली आणि बायका-पोरं गेली, ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

कोल्हापूरजवळच्या पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी 39 फूट, धोका 43, हे सगळ्यांना पाठ असतं. 2019 ला तिथे 55 फुटांच्या वर पाणी गेलं होतं. पण तुमच्या गल्लीचा रस्ता किती फुटाला बंद होतो? ते जुन्या माणसांना विचारून चौकात रंगवून टाका, निघायचा आकडा त्याच्या दोनेक फूट आधीचा ठेवा, कृष्णा भरल्यामुळे पंचगंगेचं पाणी मागे तुंबून फुगवटा धरत असेल तर त्याहून आधीच निघा.

आधार, रेशन कार्ड, पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत. यादीची एक प्रत तलाठ्याकडे, एक ग्रामपंचायतीत द्या आणि पोच घ्या, म्हणजे पंचनाम्याला भाडेकरूंची नावं दाखवता येतील. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा नंबर 1077, तो प्रत्येकीच्या मोबाईलमध्ये आत्ताच सेव्ह करून घ्या.